मर्ल ब्रेक्केच्या हातची काडतुसं

सॅडल क्रीकमध्ये दुकानातून काडतुसं आणणाऱ्याला तोंडावर कोणी काही म्हणत नाही, पण मनात त्याची नोंद होते. रोज बाहेरून डबा मागवणाऱ्या घराची होते तशी. हिवाळ्यात बर्फाने रस्ते बुजले की गावातले बहुतेक पुरुष आणि निम्म्या बायका आपापल्या गॅरेजात बसून काडतुसं भरतात. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून आणायची, घासूनपुसून पुन्हा मापात बसवायची, बुडाला नवी टोपी लावायची, दारू तोलून आत ओतायची आणि तोंडात गोळी दाबायची. करणारे म्हणतात, यात जन्म जातो. न करणारे म्हणतात, बायकोपासून लांब बसायला निमित्त चांगलं आहे.

या कामात मर्ल ब्रेक्केचा हात धरणारा मॉन्टानाच्या त्या कोपऱ्यात कोणी नव्हता. शंभर यार्डांवरून त्याने तीन गोळ्या मारल्या की कागदावर तीन भोकं दिसायचीच नाहीत. एकच वेडंवाकडं भोक दिसायचं, वर नाणं ठेवलं तर झाकलं जाईल एवढं. असे कागद त्याने गॅरेजच्या भिंतीवर ओळीने ठोकून ठेवले होते. "लोकांच्या भिंतीवर नातवंडं असतात," त्याची बायको आर्लीन पाहुण्यांना सांगायची, "आमच्याकडे भोकं."

अशा माणसाच्या गोळ्या त्या वर्षी वसंतात फाकायला लागल्या. गावाबाहेर खडीची एक जुनी खाण आहे, तिथे सगळे निशाण तपासायला जातात. मर्लने तीन गोळ्या मारल्या आणि कागद आणायला गेला. एक मधोमध होती, एक बरीच खाली, आणि तिसरी कागदाच्या कोपऱ्यात, खालीच. पंजा पसरून ठेवला असता तरी तिन्ही झाकल्या गेल्या नसत्या. त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि घरी येऊन चुलीत टाकला.

नेमका त्याच जूनमध्ये त्याला रानमेंढ्याचा परवाना लागला. डोंगरात कड्याखाली राहणारा, शिंगं कानामागून वळून गालापर्यंत आलेला तो मेंढा मारायचा तर सरकारी सोडतीत नाव निघावं लागतं, आणि ते निघतं हजारांत एखाद्याचं. मर्लची मुलगी रोंडा शाळेत होती तेव्हापासून तो अर्ज करत होता. आता रोंडा चाळिशी ओलांडून काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवत होती, आणि मर्लचं वय एकाहत्तर होतं. पुन्हा नाव निघेपर्यंत आपण नसणार हे त्याला ठाऊक होतं. ती बातमी वाचून तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसला आणि आर्लीनने दोनदा विचारलं तरी काय झालं ते त्याला सांगता येईना.

आनंद एक रात्र टिकला. मेंढा काही आपल्या दारात येऊन उभा राहत नाही. दरीच्या या कडेवरून त्या कडेवर मारायचा असतो, अडीचशे यार्डांवरून, धाप लागलेली असताना. ब्रेक्केंच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक रीत होती: कागदावर जमत नसेल तर जनावरावर बंदूक रोखायची नाही. पोटात गोळी घेऊन दरीत गेलेलं आणि सापडलं नाही असं जनावर म्हणजे त्या भागात माणसाच्या नावाला लागलेला डाग. तेव्हा मर्लने ठरवलं, सप्टेंबरच्या मध्यावर शिकार उघडेपर्यंत गोळ्या एकत्र आल्या तर जायचं. नाहीतर परवाना घरी बसून कुजवायचा.

मग तो दोष शोधायला लागला. या कामाचा पहिला नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गुण आला तर कशाने आला ते कळत नाही. मर्लने आधी दुर्बिणीचे स्क्रू तपासले. घट्ट होते. दुर्बीणच काढून दुसऱ्या रायफलीची लावली. गोळ्या फाकल्याच. नळीच्या आत तांब्याचा थर बसला असेल म्हणून त्याने असं काही उग्र वासाचं औषध आणलं, की आर्लीनने त्याला रायफलीसकट ओसरीवर काढलं. नळी आरशासारखी झाली, कागदावर काही फरक पडला नाही. लाकडी दस्त्याचे स्क्रू सोडून पुन्हा आवळले. दारूचा डबा नवा होता, म्हणून जुन्या डब्यातली तळाची दारू काढून भरून बघितली. गोळी पुंगळीत केसभर आत दाबून बघितली, केसभर बाहेर ठेवून बघितली. पुंगळ्या वजनाप्रमाणे निवडल्या, घरात तांदूळ निवडतात तशा. प्रत्येक खेपेला गोळी थंड नळीतून जावी म्हणून मध्ये ट्रकमध्ये बसून पेपर वाचला, जाहिरातींसकट.

मधूनच एखाद्या दिवशी पहिली गोळी बरोबर मधोमध बसायची. त्या दिवशी मर्ल घरी येऊन दोन वेळचं एकदम जेवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

ऑगस्टपर्यंत तो एका वेळी तीन तीन गोष्टी बदलायला लागला होता. याचा अर्थ काय होतो हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या कोणी तसं केलं असतं तर त्याने त्याला गॅरेजाबाहेर काढलं असतं.

खाणीत त्याला सोबत असायची ती डूएन पेकोविचची. मर्ल आणि तो, दोघांनी जन्मभर एका तंबूत शिकार केलेली. संधिवाताने बोटं वाकडी झाल्यापासून डूएनने काडतुसं भरणं सोडलं होतं. तो दुकानातून खोकी आणायचा आणि त्याची त्याला काडीचीही लाज नव्हती.

"मर्ल्या, त्या मेंढ्याला निरोप पाठव," डूएन दुर्बिणीतून कागद बघत म्हणाला. "म्हणावं, तू आहेस तिथे उभा राहू नकोस बाबा. माझी गोळी जाईल तिथे येऊन उभा राहा."

"तुझी दुकानातली काडतुसं तुलाच लखलाभ."

"लखलाभच आहेत. मी चार महिने पुंगळ्या कुरवाळत बसलो नाही." डूएनने थर्मासातली कॉफी ओतली. "मी काय म्हणतो, दुसऱ्या कुणाला तरी मारून बघू दे ना. रायफल वाकडी, का काडतूस वाकडं, का मर्ल वाकडा, एका दुपारी कळेल."

मर्लने त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही त्याने दात घासायचा ब्रश उसना मागितला होता.

याचंही कारण होतं. सॅडल क्रीकमध्ये माणसं ट्रक देतात, घोडा देतात, रायफलसुद्धा देतात. पण दुसऱ्याने भरलेलं काडतूस कोणी आपल्या खांद्याशी उडवत नाही आणि आपलं भरलेलं दुसऱ्याला उडवू देत नाही. तो स्फोट डोळ्यापासून वीतभर अंतरावर होतो. ज्याने भरलं त्यानेच त्याच्यामागे गाल टेकवावा, हा सरळ हिशेब. मर्लने रोंडाला पहिली रायफल दिली तेव्हा हेच आधी शिकवलं होतं. "कुणाचंही घ्यायचं नाही. बापाचंसुद्धा." तेव्हापासून रोंडा आपली आपण भरत होती.

पण खरं सांगायचं तर नियम हा आडोसा होता. त्याच्यामागे आणखी एक गोष्ट होती आणि ती मर्लशिवाय कोणाला माहीत नव्हती, निदान त्याची तशी समजूत होती.

मागच्या नोव्हेंबरात तो गॅरेजात दारू तोलत बसला होता. आर्लीनने हाक मारली म्हणून उठला, घाईत कोपर काट्याला लागलं, आणि दांडीवरचं वजन एक खाच पुढे सरकलं. परत आल्यावर काटा बघायचा असतो. त्याने बघितला नाही. एक अख्खा डबा त्याने त्या खाचेवर भरला, म्हणजे रायफल सोसेल त्यापेक्षा प्रत्येकात जास्त. दुसऱ्या दिवशी खाणीत तो एकटाच होता. पहिलाच बार असा झाला की आवाज कानांत न येता दातांत आला. बुडाची टोपी फुटली आणि जळता वायू मागे उलटून गालावर आला. उजव्या डोळ्याला बराच वेळ नुसतं पांढरं दिसत होतं. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. रायफलीचा बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, हातोडीने ठोकून उघडावा लागला. घरी येऊन त्याने उरलेली काडतुसं एक एक करून फोडली. रायफल त्याने डोंगरापलीकडच्या गावात नेली, जिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. तिथल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याने सगळं तपासलं आणि सांगितलं, नशीब थोर, हिला काही झालेलं नाही. आर्लीनला मर्लने सांगितलं, फांदी लागली. तिने गालाला मलम लावलं आणि तो विषय तिथेच मिटला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता काटा तो दर पाच काडतुसांमागे तपासत होता. रायफल धड होती, काटा धड होता. आपल्यात काही बिघडलं असेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. चार महिने त्याने लोखंड, पितळ, लाकूड आणि दारू तपासली.

ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी रोंडा खाणीत आली. डांबराने हात काळे झालेले, कारण उन्हाळ्यात काउंटी तिला खड्डे बुजवायला लावते.

"आई म्हणते, तू जेवताना बोलत नाहीस."

"तिला बरंच वाटत असेल."

"ती म्हणाली, बोलत नाही ते चालतं, जेवत नाही ते चालत नाही." रोंडाने बाकाकडे बघितलं. "ऊठ, बाबा. दे ती रायफल."

"शिकवलेलं विसरलीस?"

"शिकवणाराच मेंढा सोडून घरी बसायला निघालाय. तीन गोळ्या मारते फक्त. तुझ्या हातची आहेत, डूएनकाकाच्या नव्हेत."

मर्ल उठला. का उठला ते त्याला पुढेही सांगता आलं नाही. थकला होता एवढंच. रोंडा बाकावर बसली, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली, काडतूस आत सारून बोल्ट बंद केला आणि गाल दस्त्यावर ठेवला. तिचा गाल नेमका कुठे आलाय ते मर्लला दिसलं.

"थांब."

"काय झालं?"

"बोल्ट उघड. काडतूस बाहेर काढ. काढ म्हणतो ना!"

तिने काढलं. मग मर्लने तिला नोव्हेंबरातलं सगळं सांगितलं. खडीच्या ढिगाकडे बघत, हवामानाची बातमी सांगावी तशा आवाजात. कोपर, खाच, टोपी, डोंगरापलीकडचं गाव. काही वगळलं नाही.

रोंडाने हातातलं काडतूस डब्यात परत ठेवलं. त्याचं सांगून झाल्यावर म्हणाली, "आईला फांदी सांगितलीस?"

"हो."

"आणि डोळा गेला असता तर? तरी फांदीच?"

मर्लने काडतुसांच्या डब्याचं झाकण लावलं.

"काटा शून्यावर आहे का ते बघितल्याशिवाय मला तू हात लावू द्यायचा नाहीस. बारा वर्षांची होते मी. रडवलंयस त्याच्यावरून." तिचा आवाज चढला. "आणि स्वतः? नऊ महिने गप्प? मी जाऊन बसले होते त्या रायफलीमागे!"

"म्हणून तर थांबवलं."

"मोठा उपकार केलास!"

ती ट्रकमध्ये बसली आणि धूळ उडवत निघून गेली. मर्ल बाकावर बसला. त्याला लाज वाटत होती, आणि जरा हलकंही वाटत होतं, आणि हलकं वाटतंय याचीही लाज वाटत होती. मुलगी आता बरेच दिवस घरी यायची नाही, हे त्याने धरून टाकलं.

पण ती आली, अर्ध्या पाऊण तासात. येताना स्वतःचा काटा आणि गोळी उपसायचा हातोडा घेऊन आली. तिने मर्लच्या डब्यातलं हाताला येईल ते काडतूस उचललं, ठोकून गोळी उपसली, वाऱ्याचा त्रास नको म्हणून ट्रकच्या काचा वर केल्या आणि आतली दारू आपल्या काट्यावर तोलली. बरोबर होती. दुसरं फोडलं. तेही बरोबर, कणाचा फरक नाही. तिसरं फोडलं. मग खाली उतरून बाकावर बसली आणि एका पाठोपाठ एक, सावकाश, तीन गोळ्या मारल्या.

दोघं चालत कागदापर्यंत गेले. एकच भोक होतं. रोंडाने खिशातलं नाणं वर धरलं, कडेने जेमतेम किनार दिसत होती.

मर्लला आधी आनंद झाला, हे मुद्दाम सांगायला हवं. माझी काडतुसं चांगली आहेत, एवढंच त्याच्या मनात आलं आणि तो हसलासुद्धा. कागद काढून घडी करताना त्याच्या लक्षात आलं की मग उरतं कोण.

"आता तू बस," रोंडा म्हणाली. "काडतूस मी घालणार. तू समोर बघायचं."

तो बसला. मागे तिने बोल्ट उघडून बंद केला. त्याने श्वास सोडला, चाप ओढला. खट्! आत काहीच नव्हतं. बार झाला नाही, धक्का बसला नाही, तरी नळीचं तोंड सपकन खाली गेलं, खांदा पुढे रेटला गेला आणि उजवा डोळा गच्च मिटला. हे सगळं एरवी बार उडाल्याच्या आवाजात आणि धक्क्यात दडत होतं. आज दडायला जागा नव्हती.

"परत," मर्ल म्हणाला.

तिने परत केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने खरं काडतूस घातलं असेल असं धरून त्याने दात आवळले, आणि तेव्हाही खट्‌च झालं.

रोंडा हसली नाही. बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अंगण सरळ आहे, बाबा."

त्या दिवशी रात्री जेवताना त्याने आर्लीनला सांगून टाकलं. ती लेफ्से म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या लाटत होती, तिने लाटणं थांबवलं नाही.

"फांदीचं मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "मी भाजल्याचं मलम लावलं होतं तुला. डबीवर लिहिलेलं असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, सांगशील. तू नळ्या घासत बसलास."

पुढचे दोन आठवडे मर्लने रोज रिकामी रायफल भिंतीवरच्या दिव्याच्या बटणावर रोखून चाप ओढला. घरात डोळा मिटत नव्हता. खाणीत जाऊन आपलं काडतूस आत घातलं की मिटायचा. त्याने स्वतःला शिव्या दिल्या, समजावलं, काट्याची आठवण करून दिली. डोळा त्याचं ऐकत नव्हता. मुलीला ज्या माणसाच्या काडतुसांपासून त्याने लांब ठेवलं होतं, त्या माणसापासून तो डोळा मर्ललाही लांब ठेवत होता.

शिकार उघडायला चार दिवस राहिले तेव्हा डूएन आला. बाकावर त्याने दुकानातलं एक खोकं ठेवलं.

"रोंडाने सांगितलं तुला?" मर्ल भडकला.

"कुणी नाही सांगितलं. वसंतापासून बघतोय. चाप ओढताना तू लिंबू चावल्यासारखं तोंड करतोस."

"आणि तू आत्ता सांगतोयस?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?" डूएनने खोकं पुढे सरकवलं. "तुझं तोंड कुठल्या दुधाने पोळलंय ते मी विचारत नाही. पण ताक फुंकून पितोयस हे आंधळ्यालाही दिसतं. हे घे. हे मर्ल ब्रेक्केने भरलेलं नाही, कुठल्या तरी यंत्राने भरलंय. त्या यंत्राशी तुझं काही भांडण आहे का?"

मर्लने खोकं उघडलं. सगळी एकसारखी, चकचकीत, कोणाच्याच हातची नसलेली काडतुसं. त्याने दुर्बीण त्यांच्या मापाने जुळवून घेतली आणि तीन मारली. नाण्याखाली झाकतील अशी नाही बसली, पण कॉफीच्या कपाच्या तोंडात मावतील अशी बसली. मेंढ्याला तेवढं पुष्कळ होतं. डोळा एकदाही मिटला नव्हता. त्याचं त्याला समाधान वाटायला हवं होतं, पण त्याला रडू येईल असं वाटलं. न बघितलेल्या यंत्रावर आपला जीव भरवसा ठेवतो आणि आपल्या हातावर ठेवत नाही, हे त्याला फार लागलं.

"नाही जात मी," तो म्हणाला.

"का?"

"असा जाऊन मारलेला मेंढा माझा नव्हे."

"मेंढ्याला विचार," डूएन म्हणाला. "नीट मारणारा त्याला हवा असेल, का नावाजलेला." आणि थर्मास उचलून चालता झाला.

खोकं त्याने तिथेच ठेवलं होतं. मर्लने ते बरोबर घेतलं.

शिकार उघडली तेव्हा मर्ल आणि रोंडा डोंगरात वर गेले. झाडं संपतात तिथे तंबू टाकला, आणि रोज पहाटे कड्यांखालून दुर्बिणी फिरवत बसले. मर्लचे गुडघे बोलत होते. पण तो बोलत नव्हता. एका सकाळी धुकं वर सरकलं आणि समोरच्या उतारावर तीन मेंढे दिसले, दोन तरुण आणि एक म्हातारा, शिंगांची टोकं झिजलेला. बापलेक पोटावर सरपटत एका खडकापर्यंत गेले. रोंडाने पाठीवरची पिशवी काढून पुढे दिली, मर्लने तिच्यावर रायफल टेकवली. म्हातारा मेंढा आडवा उभा राहिला. बार झाला तेव्हा मर्लला मेंढा पूर्ण दिसत होता, गोळी लागली तेव्हाही. दोन पावलं टाकून मेंढा खाली बसला आणि मग कुशीवर झाला.

मर्ल त्याच्याजवळ जाऊन बसला, शिंगावर हात ठेवला आणि रडला. रोंडाच्या देखत रडला आणि त्याने ते लपवलं नाही. तिने सुरी काढून धार लावली आणि त्याला हवा तेवढा वेळ दिला.

मेंढा मारला की शिंगं वनखात्याच्या कचेरीत न्यावी लागतात. तिथे ती मोजतात आणि शिंगाला बारीक भोक पाडून आत खात्याची खूण बसवतात. त्या दिवसांत कचेरीच्या अंगणात ट्रकच्या उघड्या मागच्या फळ्यांवर बसलेली माणसं असतातच. कोणी काही आणलं की ती गोळा होतात. आधी शिंगं बघतात. मग विचारतात, कुठे मिळाला? याला कोणी खरं उत्तर देत नाही आणि कोणी अपेक्षाही करत नाही. मग विचारतात, काय भरलं होतंस? याला मात्र सगळे खरं सांगतात. गोळी कुठली, दारू कुठली, किती. यात खोटं बोलणं म्हणजे विहिरीत विष घालण्यासारखं, कारण ऐकणारा घरी जाऊन तेच भरून बघणार असतो.

मर्लने शिंगं टेबलावर ठेवली. डूएन आधीच येऊन बसला होता. अंगणातली माणसं भोवती जमली, कोणी शिट्टी वाजवली. शेजारच्या खोऱ्यातला एक जण पुढे झाला. ब्रेक्केच्या काडतुसांबद्दल त्याने नुसतं ऐकलं होतं.

"एकाच गोळीत?"

"एकाच."

"काय भरलं होतंस?"

मर्लने तोंड उघडायच्या आत डूएन बोलला. "मर्ल्याच्या हातची, आणखी कुणाची असणार! उद्या विचारशील, सूर्य कुठून उगवला." हे बोलताना तो मर्लकडे बघत नव्हता. रोंडाही बघत नव्हती. ती ट्रकची साखळी उगाच आवळत होती. त्या दोघांनी आपापल्या परीने दार उघडून धरलं होतं. मर्लला फक्त मान डोलावून आत जायचं होतं.

"दुकानातली होती," मर्ल म्हणाला. "डूएनने दिलेली. माझ्या हातच्यांची मला भीती वाटते."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग शेजारच्या खोऱ्यातला तो माणूस मोठ्याने हसला. त्याच्या मागचा हसला, फळ्यांवर बसलेले हसले. मर्ल ब्रेक्के आणि दुकानातली काडतुसं! एकाने तर त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, म्हातारा आपला नुस्खा काही देत नाही बघा.

डूएन हसला नाही. तो मर्लला हळूच म्हणाला, "झालं ना सांगून? चल आता."

"नाही झालं," मर्ल म्हणाला. त्याने टोपी काढून टेबलावर शिंगांपाशी ठेवली, सगळ्यांचं हसून होईपर्यंत थांबला, आणि मग नोव्हेंबरातल्या त्या दिवसापासून, आर्लीनने मारलेल्या हाकेपासून, त्यांना सांगायला लागला.